सोलर आणि पवनचक्कीची शिल्लक वीज साठवायची कशी: मोजमापापासून बॅटरीच्या सेटिंगपर्यंत

पॅनल बसवले की थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात येते, दुपारी बारा ते तीन वीज नुसती वाहत असते आणि तेव्हा घरात ती वापरायला कुणी नसतं, आणि संध्याकाळी सगळं घर एकदम चालू होतं तेव्हा पॅनल झोपलेले असतात. मग पहिला प्रश्न येतो, किती मोठी बॅटरी घेऊ? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी शिल्लक नक्की किती आहे ते मोजायचं, मग त्यातली जेवढी दिवसाच वापरता येईल तेवढी वापरायची, मग गरम पाण्यात किंवा टाकीत साठवता येईल तेवढी साठवायची, आणि त्यानंतर जे उरेल आणि रात्री खरंच लागेल तेवढ्याचीच बॅटरी. हा क्रम उलटा केला की बॅटरी एकतर रोज अर्धी रिकामी राहते नाहीतर कधी पूर्ण रिकामीच होत नाही, दोन्हीकडे पैसे अडकून पडतात.

शिल्लक मोजा, अंदाज लावू नका

किलोवॅट आणि युनिट यात गोंधळ होतो म्हणून आधी तेवढं क्लिअर करू. किलोवॅट म्हणजे त्या क्षणाला किती जोरात वीज येतेय किंवा जातेय ते, आणि युनिट म्हणजे किलोवॅट-अवर, एकूण किती वीज झाली ते. १ किलोवॅटचा हीटर १ तास चालला की १ युनिट. बॅटरी घेताना हे दोन्ही आकडे वेगवेगळे बघावे लागतात, किती युनिट मावतात आणि किती किलोवॅटने भरता-काढता येतात, आणि गडबड होते ती बहुतेक दुसऱ्या आकड्यात.

ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेली सिस्टीम असेल तर काम सोपं आहे. मीटरवर ग्रीडकडून घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज वेगवेगळी दिसते, रोज ठराविक वेळेला, म्हणजे सूर्य मावळल्यावर आणि सकाळी उजाडताना, दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्रीडला गेलेली वीज ही तुमची शिल्लक, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत घेतलेली वीज ही रात्रीची गरज. किमान दोन आठवडे हे करा, जमलं तर वेगवेगळ्या ऋतूत परत करा कारण पावसाळी आभाळ आणि हिवाळ्यातला छोटा दिवस या दोन्हींनी आकडे पार बदलतात. आणि सरासरी काढू नका, दोन-चार कडक उन्हाचे दिवस सरासरी फुगवतात. सगळे दिवस कमी ते जास्त असे लावून मधला दिवस घ्या, तो खरा.

ऑफ-ग्रीड सिस्टीममध्ये मात्र शिल्लक दिसतच नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॅटरी सकाळी अकरालाच भरली की चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र, पॅनलचं उत्पादन स्वतःच आवळतो, त्यामुळे डिस्प्लेवर तीनशे वॅट दिसतात आणि आपल्याला वाटतं पॅनल एवढेच देतायत. तपासायचं असेल तर बॅटरी भरलेली असताना, कडक उन्हात, एखादा मोठा लोड चालू करा, इस्त्री किंवा केटल. उत्पादनाचा आकडा तीनशेवरून पंधराशेला उडी मारत असेल तर मधली बाराशे वॅट रोज वाया जात होती असं समजा.

पवनचक्कीचं गणित वेगळं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे शिल्लक ही थोडी-थोडी रोज न येता एखाद्या वादळी रात्री एकदम येते. आणि पॅनलसारखं तिला मोकळं सोडून चालत नाही, लोड काढून घेतला की पाती बेफाम फिरायला लागतात आणि मोडतात. म्हणून बॅटरी भरल्यावर वीज जिरवायला डंप लोड लागतोच, आणि तो हवेत उष्णता सोडणारा रेझिस्टर असण्यापेक्षा पाण्याच्या टाकीतला हीटर असेल तर तीच वाया जाणारी वीज आंघोळीच्या कामाला येते. मात्र पाणी उकळायला आलं तरी लोड कायम राहिला पाहिजे, म्हणून टाकीच्या जोडीला एक साधा रेझिस्टर बँकही ठेवा.

आधी दिवसाच वापरून टाका

साठवलेल्या प्रत्येक युनिटमधला काही भाग जातोच, थेट वापरलेल्या युनिटमधला जात नाही. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, डिशवॉशर, इस्त्री, गाडीचं चार्जिंग, हे सगळं अकरा ते तीनमध्ये सरकवता येतं, टायमर लावा किंवा सवय लावा. फक्त सगळं एकाच वेळी चालू करू नका, पॅनल दोन किलोवॅट देत असताना तुम्ही चार किलोवॅट ओढले तर उरलेले दोन ग्रीडमधून येतात आणि फायदा अर्ध्यावर येतो. एकामागून एक लावा. घरी इलेक्ट्रिक गाडी असेल आणि ती दिवसा दारात उभी असेल तर खरं सांगायचं तर तुमच्याकडे घराच्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोठी बॅटरी आधीच आहे, चाळीस-पन्नास युनिटची, फक्त ती दुपारी प्लगला लागली पाहिजे. काही गाड्यांमधून परत घरासाठी वीज काढताही येते पण त्यासाठी गाडी आणि चार्जर दोघांनाही ते जमायला हवं, घ्यायच्या आधी विचारून घ्या.

गरम पाणी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी

याचं गणित करून बघा, पटेल. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल लागतात, म्हणजे १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जवळपास ४ युनिट. चार युनिट म्हणजे एका मध्यम लिथियम पॅकएवढं, आणि तेही एका साध्या इन्सुलेटेड टाकीत जिची सायकल, म्हणजे भरण्या-रिकामं होण्याचे फेरे, संपत नाहीत. ज्या घरात गरम पाण्याला रोज वीज जाते तिथे ती आधी दुपारच्या उन्हावर आणायची आणि मगच रात्रीची गरज परत मोजायची, तो आकडा चांगलाच खाली आलेला दिसेल.

करायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे गिझरला टायमर, दुपारी बारा ते दोन. त्याहून चांगलं म्हणजे डायव्हर्टर, हे यंत्र मीटरपाशी लावलेल्या क्लॅम्पवरून ग्रीडकडे किती वीज चाललीय ते बघतं आणि नेमकी तेवढीच हीटरला देतं, ढग आला की कमी, ऊन आलं की जास्त. टाकी ६० अंशांपर्यंत जाऊ द्या, फार कोमट ठेवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात, आणि इतकं तापवून साठवणार असाल तर नळाकडे जाताना थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह पाहिजेच नाहीतर लहान मूल भाजेल. प्रेशर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तर कुठल्याही परिस्थितीत काढायचा नाही.

एक धोक्याची गोष्ट. काही जण पॅनलची डीसी वायर सरळ गिझरच्या कॉइलला जोडतात. कॉइल तापते, त्यात वाद नाही, पण आतला थर्मोस्टॅट एसीसाठी बनवलेला असतो, डीसीवर तो उघडताना ठिणगी विझत नाही, संपर्क बिंदू वितळून चिकटतात आणि मग पाणी कितीही तापलं तरी हीटर बंदच होत नाही. हे करू नका.

पाणी उंचावर चढवून साठवण्याबद्दल खूप विचारलं जातं, म्हणजे दुपारी टाकीत पाणी चढवायचं आणि रात्री ते सोडून छोट्या टर्बाइनवर वीज बनवायची. १००० लिटर पाणी १० मीटर उंच नेलं तर त्यात ऊर्जा साठते फक्त ०.०२७ युनिट. एक पूर्ण युनिट हवं असेल तर त्याच उंचीवर ३७ हजार लिटर लागतील, आणि टर्बाइनमधलं नुकसान वेगळंच. त्यामुळे घरच्या टाकीतून वीज काढायचं डोक्यातून काढून टाका, पण वापरायचं किंवा शेताचं पाणी दिवसा चढवून ठेवा कारण ते काम तुम्हाला तसंही करायचंच असतं.

रात्रीची गरज, उपकरणावार

आता बॅटरीकडे येऊ. मीटरचे आकडे असले तरी एकदा उपकरणावार यादी करा, कारण बॅटरीवर नेमकं काय चालवायचं हे ठरवावं लागतं. एक उदाहरण घेतो. फ्रीज रात्रभरात ०.६ युनिट, ३० वॅटचे तीन पंखे दहा तास म्हणजे ०.९, दिवे ४० वॅट पाच तास म्हणजे ०.२, टीव्ही ८० वॅट तीन तास ०.२४, राउटर १० वॅट बारा तास ०.१२, लॅपटॉप ६० वॅट तीन तास ०.१८. एकूण २.२४ युनिट.

इथे थांबलात तर बॅटरी छोटी पडणार. इन्व्हर्टर बॅटरीची डीसी वीज घरातल्या एसीत बदलताना थोडी खातो, ९० टक्के कार्यक्षमता धरा, २.२४ चे २.४९ झाले. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच वीज घेतो, मोठ्या इन्व्हर्टरला ५० वॅट सहज लागतात, बारा तासांचे ०.६ युनिट, म्हणजे फ्रीजएवढेच! हा आकडा डेटाशीटमध्ये नो-लोड किंवा स्टँडबाय नावाने असतो, घेण्याआधी आवर्जून बघा. आता गरज झाली ३.०९ युनिट.

लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, जिला सगळे एलएफपी म्हणतात, तिच्यातली ८५ टक्के वापरू असं धरलं तर ३.०९ भागिले ०.८५ म्हणजे ३.६४. काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल तेव्हाही काम भागलं पाहिजे म्हणून परत ०.८ ने भागा, ४.५५. बाजारात ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरचा पॅक मिळतो, गुणाकार केला की ५.१२ युनिट, म्हणजे एक पॅक बरोबर बसतो. लेड-ॲसिड घेतली तर ती निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही, ३.०९ भागिले ०.५ म्हणजे ६.१८ युनिट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी १.८ युनिटची, म्हणजे चार लागतील, चार सिरीजमध्ये ४८ व्होल्ट आणि ७.२ युनिट. जुनं होण्याची सूट यात नीट बसतही नाहीये.

मग हा आकडा शिल्लकीशी ताडून बघा, आणि नियम असा की दोघांतला जो लहान तो धरायचा. शिल्लक आठ युनिट आणि रात्रीची गरज तीन असेल तर आठची बॅटरी घेऊन रोज तीनच वापराल. शिल्लक दोन युनिट आणि गरज सहा असेल तर सहाची बॅटरी कधी भरणारच नाही, आणि लेड-ॲसिड अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसून ती मरते. वीज जाण्याचा त्रास असेल आणि बॅकअपसाठीच हवी असेल तर मोठी घेण्यात अर्थ आहे, पण मग ते बॅकअपसाठी आहे हे स्वतःशी स्पष्ट असू द्या, बचतीच्या हिशोबात ते धरू नका.

कुठली बॅटरी

साठवणीसाठी आज माझा सल्ला एलएफपी, आणि कारण फक्त आयुष्य नाही. आयुष्याचा फरक मोठा आहेच, चांगले एलएफपी सेल काही हजार सायकल चालतात आणि लेड-ॲसिड रोज अर्धी रिकामी केली तर अनेकदा काही शे ते हजार-दीड हजारात थकते. पण शिल्लक वीज साठवताना खरा मुद्दा भरण्याच्या वेगाचा आहे. वरच्या उदाहरणातल्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांना साधारण १५ अँपिअरने चार्ज करणं योग्य, म्हणजे जेमतेम ८०० वॅट. तुमची शिल्लक दुपारी तीन तास दोन किलोवॅट येत असेल तर त्यातले बाराशे वॅट या बॅटऱ्या घेऊच शकत नाहीत. त्यात शेवटचे २० टक्के भरायला त्यांना कित्येक तास लागतात, करंट हळूहळू कमी होत जातो, आणि तोवर ऊन उतरतं. तोच १०० अँपिअर-अवरचा एलएफपी पॅक ५० अँपिअरने, म्हणजे अडीच किलोवॅटने, आरामात भरतो आणि जवळपास शेवटपर्यंत तोच वेग ठेवतो. परत मिळणारी वीजही जास्त, एलएफपीमधून घातलेल्यातली ९० टक्क्यांच्या वर परत येते, लेड-ॲसिडमधून ७० ते ८५.

लेड-ॲसिड कुठे चालेल? जिथे वीज क्वचित जाते आणि बॅटरी बहुतेक वेळ भरलेलीच असते तिथे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, कमी जागेत जास्त वीज साठवते म्हणून गाड्यांत भरपूर वापरतात, घरात जागेची तेवढी मारामारी नसते आणि एलएफपी तापमानाच्या बाबतीत जास्त सहनशील आहे, एनएमसीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत तग धरते. सोडियम-आयन येतेय, थंडीत चांगली चालते, पण तुमचा इन्व्हर्टर तिच्या व्होल्टेजची मोठी रेंज सांभाळतो का ते बघूनच. गाडीतून काढलेल्या जुन्या सेलचे पॅक स्वस्त मिळतात, ज्याला सेलची क्षमता आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजता येतो त्यानेच त्या वाटेला जावं.

बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, नसलेली लिथियम बॅटरी घरात आणायची नाही. बीएमएस प्रत्येक सेलचा व्होल्टेज, करंट, तापमान बघतं आणि काही बिघडलं की पॅक तोडतं. आणि शून्य अंशाखाली चार्जिंग बंद करणारं बीएमएस पाहिजे, गोठणाऱ्या थंडीत एलएफपी चार्ज केली की आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही, डिस्चार्ज मात्र चालतो.

जोडणी: ४८ व्होल्ट, आणि डीसी की एसी बाजूने

५ किलोवॅट १२ व्होल्टवर ओढायचे तर ४०० अँपिअरच्या वर करंट होतो, ४८ वर साधारण १०५. करंट चौपट तर वायरमधलं नुकसान सोळापट. त्यामुळे दीड-दोन किलोवॅटच्या वर सरळ ४८ व्होल्टची सिस्टीम घ्या.

नवीन बसवत असाल तर हायब्रिड इन्व्हर्टर, पॅनलची डीसी सरळ बॅटरीत जाते, मध्ये एसीचा फेरा नाही. आधीचा ग्रीड-टाय, म्हणजे ग्रीडला जोडूनच चालणारा, इन्व्हर्टर चांगला चालतोय तर तो काढू नका, त्याच्या जोडीला बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर एसी बाजूने लावता येतो, थोडं नुकसान जास्त होतं पण जुनी वायरिंग तशीच राहते.

एक गैरसमज इथेच सांगतो, साधा ग्रीड-टाय इन्व्हर्टर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो, तो बिघडलेला नसतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम असते. लाइट गेल्यावर घर चालावं असं वाटत असेल तर ग्रीडपासून घर वेगळं करणारा चेंजओव्हर आणि बॅकअप आउटपुट असलेलाच इन्व्हर्टर लागतो, आणि त्या आउटपुटवर फक्त गरजेचे लोड वेगळ्या बोर्डवर काढून घ्यावे लागतात. एसी बाजूने जोडलेल्या सिस्टीममध्ये लाइट गेलेली असताना बॅटरी भरली तर बॅटरीचा इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी वर नेतो आणि ती बघून सोलर इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो, तुमच्या दोन्ही इन्व्हर्टरना ही भाषा कळते का ते विकत घ्यायच्या आधी लेखी घ्या.

जागा आणि वायरिंग, इथे पैसे वाचवू नका

झोपण्याच्या खोलीत नको, जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको, थेट उन्हात नको. लेड-ॲसिडला हवा खेळती पाहिजे कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. उष्णतेचंही भान ठेवा, तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात, लिथियमलाही उकाडा मानवत नाही.

डीसी वायरिंग एसीसारखी नसते. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो त्यामुळे ठिणगी विझते, डीसीची विझत नाही, लांबत जाते. म्हणून एसीचा एमसीबी डीसीवर वापरायचा नाही, डीसीचाच ब्रेकर घ्या आणि त्यावर प्लस-मायनस किंवा दिशा छापलेली असेल तर ती पाळा, उलटा लावलेला ब्रेकर ट्रिप होताना स्वतःच पेटू शकतो. पॉझिटिव्हच्या वायरवर फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ पाहिजे, आणि तो फ्यूज काही हजार अँपिअरचा शॉर्ट तोडू शकेल असा. एलएफपीसाठी क्लास टी फ्यूज वापरतात ते याचसाठी, त्याची तोडण्याची क्षमता २० हजार अँपिअरपर्यंत असते.

लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्या, नीट क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून बसवलेले पाहिजेत, हायड्रॉलिक क्रिम्परने, हातोडीने ठोकून नाही. नट टॉर्क रेंचने डेटाशीटप्रमाणे आवळा, ढिला जोड तापतो आणि फार आवळला की सेलचं टर्मिनल निघून येतं. दोन पॅक पॅरलल करत असाल तर दोघांच्या वायरची लांबी सारखी ठेवा आणि पॉझिटिव्ह एका पॅकवरून, निगेटिव्ह दुसऱ्यावरून काढा, म्हणजे दोघांवर सारखा भार येतो. पॅरलल करण्याआधी दोन्ही पॅक पूर्ण चार्ज करून व्होल्टेज सारखा करून घ्या, नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात धाडकन करंट सोडतो.

काम करताना अंगठी-कडं-घड्याळ काढून ठेवा आणि पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. अर्थिंग, न्यूट्रलची जोडणी, चेंजओव्हर ही कामं लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि ग्रीडला जोडत असाल तर वीज कंपनीची परवानगी आधी.

पहिल्यांदा चालू करताना

मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा, मग पुन्हा तपासा. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली की मोठी ठिणगी उडते आणि बीएमएस ट्रिपही होतं. म्हणून आधी काही सेकंद रेझिस्टरमधून चार्ज करतात आणि मग मेन स्विच टाकतात, बऱ्याच पॅकमध्ये ही प्री-चार्जची सोय असतेच. क्रम असा: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड. बंद करताना उलटा.

सेटिंग १६ सेलच्या एलएफपी पॅकसाठी साधारण अशी: चार्ज व्होल्टेज ५५.२ ते ५६, फ्लोट, म्हणजे भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज, ५३.६ ते ५४, खालची मर्यादा ४८ च्या आसपास, इक्वलायझेशन पूर्ण बंद. इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं, ही लेड-ॲसिडची गोष्ट आहे, लिथियमवर ते चालू राहिलं तर सेल मर्यादेबाहेर जातात. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडसाठी चार्ज १४.४ आणि फ्लोट १३.५ ते १३.८. तुमच्या बॅटरीच्या डेटाशीटमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. बीएमएस आणि इन्व्हर्टर कॅन किंवा आरएस-४८५ केबलने एकमेकांशी बोलत असतील तर उत्तम. एक मात्र लक्षात ठेवा, बीएमएस हा शेवटचा बचाव आहे, रोज बीएमएस तोडतंय तेव्हाच चार्जिंग थांबतंय असं होत असेल तर सेटिंग चुकीची आहे.

लाइट जाण्याची भीती असेल तर २० टक्के राखीव ठेवा. एक तास पूर्ण लोडवर चालवून मग सगळे जोड इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, एखादा लग शेजारच्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त गरम असेल तर बंद करून परत आवळा किंवा क्रिम्प बदला.

चालू झाल्यावर बघत राहायचं

एलएफपीत किती टक्के उरले हे व्होल्टेजवरून कळत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये सेल ३.२ ते ३.३५ व्होल्टमध्येच रेंगाळतो, त्यामुळे करंट मोजणारा शंट लागतो, आणि त्याचाही हिशोब हळूहळू सरकतो म्हणून महिन्यातून एकदा-दोनदा पॅक १०० टक्के भरू द्या, तेव्हाच सेल बॅलन्सही होतात. ॲपमध्ये सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक दिसतो, टोकाला तो थोडा वाढणारच, पण पॅक शांत असताना, मधल्या पातळीवरही एकच सेल कायम मागे राहत असेल तर वॉरंटी आहे तोवर तक्रार करा. सेल फुगला तर तिथेच वापर थांबवा.

लेड-ॲसिडमध्ये डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला, आधी घातलं तर चार्ज होताना पाणी वर चढून ॲसिड बाहेर सांडतं, फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडेपर्यंत घाला. हायड्रोमीटरवर पूर्ण चार्ज झाल्यावर १.२६ ते १.२८ यायला हवं.

महिन्याच्या शेवटी दोन आकडे बघा, बॅटरीत किती युनिट गेली आणि किती बाहेर आली. एलएफपीत इन्व्हर्टरसकट ८० ते ९० टक्के परत येत असतील तर ठीक. फार कमी असेल तर बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसतो, इन्व्हर्टर दिवसरात्र स्टँडबायला खातोय आणि लोड फारच कमी आहे असं निघतं. आणि बॅटरी रोज फक्त ३० टक्के वापरली जात असेल तर आणखी बॅटरी घेऊ नका, आणखी काही लोड तिच्यावर टाका.

उन्हाळ्याची वीज हिवाळ्यात?

हे घरच्या बॅटरीने जमत नाही. रोज वापरली तर बॅटरी वर्षात तीनशेच्या वर फेरे करते, ऋतूची साठवण म्हणजे वर्षात एकच फेरा, खर्च वसूलच होणार नाही. हायड्रोजन हा पर्याय बोलला जातो, १ किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट लागतात, त्यात ऊर्जा असते साधारण ३३ युनिट आणि फ्युएल सेलमधून त्याच्या निम्म्याच्या आसपास परत वीज मिळते, म्हणजे घातलेल्यातला एक तृतीयांश. कारखान्यांना, खताला हायड्रोजन हवाच असतो तिथे याला अर्थ आहे, घराला नाही.

मोठ्या पातळीवर मात्र कितीतरी वाटा आहेत. जगातली बहुतेक साठवलेली वीज आजही डोंगरावरच्या पाण्यात आहे, अमेरिकेतल्या बाथ काउंटीचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प ३००० मेगावॅटचा, वेल्समधला १९८४ चा डिनॉर्विग काही सेकंदांत पूर्ण ताकदीवर येतो. घरच्या टाकीला जे जमत नाही ते तिथे जमतं कारण उंची शेकडो मीटर आणि पाणी लाखो टन. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये हॉर्न्सडेलची १०० मेगावॅटची लिथियम बॅटरी लागली, स्पेनमधला हेमासोलर प्रकल्प २०११ पासून वितळलेल्या मिठात १५ तासांची उष्णता साठवून रात्री वीज देतो, आणि फिनलंडमधल्या कांकानपा गावात वाळू तापवून घरं गरम करतात. सोसायटी किंवा गाव मिळून साठवण करणार असाल तर घरोघरी छोट्या बॅटऱ्यांपेक्षा एक सामायिक बॅटरी घ्या, सगळ्यांचा लोड एकाच मिनिटाला चढत नाही त्यामुळे इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही लहान लागतात.

वाढवताना आणि निवृत्त करताना

पुढे पॅक वाढवायचा असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या, आणि शक्यतो पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच. लेड-ॲसिडमध्ये जुन्या बँकेत एक नवीन बॅटरी टाकू नका, जुन्या तिला लवकरच आपल्या पातळीवर आणतात. लेड-ॲसिड आणि एलएफपी एकाच बसवर, म्हणजे एकाच जोडपट्टीवर, पॅरलल करायच्याच नाहीत, दोघांचे चार्ज व्होल्टेज जुळत नाहीत. काढलेली लिथियम बॅटरी भंगारवाल्याला सुटी देऊ नका, टर्मिनलवर टेप लावा, ३०-४० टक्क्यांवर आणून ठेवा, उघडू किंवा भोसकू नका, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचवून त्याची पावती घ्या.